ताटातले मामा

नवी वसाहत, पनवेल
होळी होऊन आठवडा झाला. तिथी आईला विचारून लिहिली असती, पण मी सध्या आईच्या घरी राहत नाही (कारण पुढे येईल).

तीर्थस्वरूप दिनानाथमामांच्या चरणी शिवाचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला असता, पण तुमचे चरण सध्या कुठल्या कामाला उतावीळ आहेत ते ओळखून आहे.)

तब्येत कशी आहे? साखर काय म्हणते, गुडघा काय म्हणतो, गोदीतलं ऊन अजून तापायला लागलं नसेल ना? पूर्वी हे विचारावं लागत नसे. रोज पहाटे गावाच्या ग्रुपवर तुमचं गुलाबाचं फूल यायचं, त्याच्यावर लाल अक्षरांत 'तळखार सोडणार नाय' असं लिहिलेलं असायचं, आणि आई ते फूल बघून सांगायची, आज दादूसला झोप लागलीय, आज नाय लागली. (कसं सांगायची देव जाणे, फूल रोज तेच असायचं.) तुम्ही ग्रुप सोडलात आणि आम्हा सगळ्यांना ब्लॉक केलंत तेव्हापासून फूल बंद, म्हणून कागदावर विचारतोय. पत्र केतनबरोबर येतंय. तुमच्याच गोदीच्या कॅन्टीनला असतो तो, सुट्टी संपवून बहरीनला परत चाललाय. त्याच्या बॅगेत तुमच्यासाठी जवळा, बोंबील आणि पापड आहेत आणि जागा उरली नाही म्हणून पत्र जवळ्याच्या पिशवीत घालणार आहोत. वास येईल. मजकुराला नाक मुरडायचं आहेच, तेव्हा दोन्हीला एकदमच मुरडून घ्या. केतनला बजावलंय की मामा जेवले, बसले, चष्मा लावला की मगच पत्र द्यायचं, आणि देऊन लगेच निघायचं.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुम्हाला दिसेलच. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडल्यानंतर हातानं काही लिहिलं असेल तर ते न्हावा शेव्याला यार्डात असताना कंटेनरवर खडूनं लिहिलेले नंबर, आणि तेही चुकल्यामुळेच मी तिथे नाही. (चूक माझी नव्हती. कंटेनर उलटा ठेवलेला होता. पण ते पुन्हा कधी.)

मुद्द्यावर येतो. तुमचा तो आवाजी मेसेज आम्ही सगळ्यांनी ऐकला. ज्यांना ऐकायचा नव्हता त्यांनाही खिडकीतून ऐकू आला, कारण होळीच्या रात्री वसाहतीत प्रत्येक घरात तोच लागला होता. 'ज्या कोनी चूड लावली त्याच्या दारान मी जिता पाय ठेवनार नाय, त्याच्या घरचा पानी पिनार नाय.' एवढं बोलून तुम्ही ग्रुपमधून गेलात. आता मे महिन्यात तुम्ही सुट्टीवर येणार, आणि पनवेलला उतरायला तुम्हाला आमच्या घराशिवाय दुसरं घर नाही. आई तेव्हापासून भांडी घासते. घासलेली पुन्हा घासते. म्हणून कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो. मामा, होळी पेटवणारी ती चूड मी लावली. मी, शिवा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आईचं घर सोडलं. आता कळंबोलीला मित्राच्या गॅरेजात टायरवर झोपतो. (ट्रकचा टायर गोल असतो आणि माणूस लांब, हे झोपल्याशिवाय कळत नाही.) म्हणजे आईच्या दाराला दोष नाही, तिच्या माठातल्या पाण्याला नाही. तुम्ही खुशाल या, पडवी नसली तरी गॅलरी आहे, तिथे पाय सोडून बसा. मी त्या बाजूला फिरकणार नाही.

एवढ्यावर पत्र संपायला हवं. पण कसं झालं ते सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल मुद्दाम केलं, म्हणून सांगतो.

सगळं सुरू झालं अनुया मॅडमपासून, आणि अनुया मॅडम सुरू झाल्या तुमच्यापासून. त्या मूळ पुण्याच्या घरातल्या, म्हणजे आईवडील पुण्याचे, त्या स्वतः जन्मल्या कॅनडात. तिथल्या विद्यापीठात त्या 'परदेशस्थ विस्थापितांच्या प्रतिकार चळवळी' या विषयावर प्रबंध लिहितायत. परदेशात राहून आपलं गेलेलं गाव परत मागणारी माणसं त्यांना हवी होती. शोधता शोधता त्यांना तुमचा तो व्हिडिओ सापडला, ज्यात तुम्ही पिवळं हेल्मेट घालून, जहाजाच्या उघड्या बुडासमोर उभे राहून, तळखारची होळी तळखारच्याच मातीत पेटेल असं गरजताय आणि मागे एक जण वेल्डिंग करतोय. त्यांनी तुम्हाला फोन केला, तुम्ही सगळी दुपार मुलाखत दिलीत, आणि चळवळीच्या बहरीन शाखेचं बळ विचारल्यावर 'वाढत हाय' म्हणालात. (शाखेत तुम्ही, केतन आणि एक रोह्याचा माणूस आहे, तो बिर्याणीपुरता येतो असं केतन सांगतो. मी मॅडमना हे बोललेलो नाही.) शेवटी तुम्ही म्हणालात की गावात जा, माझा भाचा रिकामाच हाय, तो फिरवेल. अशा तऱ्हेनं मी क्षेत्र-साहाय्यक झालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हिंडण्याला नाव मिळालं.

मॅडमचं मराठी छापील आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी आईसमोर माईक धरून विचारलं की आपल्या उन्मळून पडण्याच्या अनुभवाला आपण कसे शब्दबद्ध कराल? आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बय, तू जेवलीस का?" ते रेकॉर्ड झालंय. त्यानंतर त्या जेवल्या, दुसऱ्या दिवशीही जेवल्या, तिसऱ्या दिवशी आडव्या झाल्या (जवळ्याची चटणी त्यांच्या पोटाला नवीन होती), बऱ्या झाल्यावर परत जेवल्या. माणूस चांगला आहे, मामा. आईबरोबर जमिनीवर बसून सुकट निवडते. फक्त निवडताना पण विचारते, की ही कृती करताना आपल्याला हरवलेल्या भूभागाची आठवण होते का? आई म्हणते, आठवन कसली, खडे बघ नीट.

अडचण अशी झाली की चळवळ सापडेना. मी त्यांना दारोदार फिरवलं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "आंदोलन ना? ता दिनानाथ करतो, बहरीनला." मग तुम्ही इथे काय करता? "इथं काय, पानी आला का बघायचा." विमानतळासाठी उठवल्यावर आपला गाव तीन सेक्टरांत वाटला गेलाय, एका सेक्टरचा माणूस दुसऱ्या सेक्टरात मयतालाच जातो, आणि तळखार म्हणून जे काही शिल्लक आहे ते तुमच्या हेल्मेटखाली, समुद्रापलीकडे आहे, असं मॅडमनी वहीत लिहून घेतलं. खूष झाल्या त्या. हेच हवं होतं म्हणाल्या. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. (चटणी नव्हती, तरी नाही गेलं.)

मग त्यांना जुनी जागा बघायची होती. विमानतळाच्या भिंतीकडेनं मी त्यांना नेलं आणि दाखवलं, ती पिवळी गाडी उभी आहे ना, तिथे मामांची पडवी, तिच्यापुढे होळीचा माळ. दोन दिवसांनी त्या परत म्हणाल्या, चल, फोटो काढायचेत. मी परत दाखवलं. त्यांच्या फोनमध्ये कसला नकाशा चालू होता, तो बघून त्या हळूच म्हणाल्या, शिवा, होळीचा माळ परवा होता तिथून आज बराच लांब सरकलाय. आता काय सांगू? डोंगर कापला, खाडी बुजवली, नदी वळवली, खूण धरायची कशाची? पिवळी गाडी हलली होती, मामा. मी गाव गाडीवरून ओळखत होतो.

आणि तुमचं म्हणणं एकच, होळी पेटेल तर त्या माळावर, नाही तर पेटणार नाही. पहिली चूड लावायचा मान तुमच्या घराण्याचा. तुम्ही बहरीनला गेल्यापासून तो मान फोनवरून चालत आला. आधी नुसता आवाज यायचा, मग तुमचा चेहरा यायला लागला, तेव्हा फोन पूजेच्या ताटात ठेवून होळीभोवती फिरवायचो आणि तुम्ही 'हां, लावा' म्हटल्यावर तुमच्या नावानं चूड लागायची. (लहान पोरं तुम्हाला 'ताटातले मामा' म्हणतात, ते तुम्हाला माहीत नसेल तर आता माहीत झालं.) पण गाव उठला आणि तुमचा 'हां' बंद झाला. नव्या वसाहतीत आल्यापासून एकही होळी नाही. तुमच्या आग्रहानं मी एका कार्यालयात अर्जसुद्धा घेऊन गेलो होतो, की विमानतळाच्या आत, पूर्वापार जागी, होळी पेटवू द्यावी. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग अदबीनं विचारलं, ज्वाळा साधारण किती वर जाते? मी अभिमानानं म्हणालो, आकाशातून दिसेल एवढी. त्यांनी मला पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं विचारलं.

आता माझ्या बहिणीचं, अंकिताचं ऐका. ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडलेलं होतं. थंडीत तिचं लग्न होऊन ती उरणजवळ मोऱ्याला गेली, जेट्टीजवळच घर आहे. आपल्यात लग्नानंतरच्या पहिल्या होळीला लेक-जावयानं आधी माहेरच्या होळीला फेरे घालायचे, मग सासरच्या. होळीच्या आधी तिच्या सासूचा, चंद्रावतीबाईंचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. गोड आवाज आहे बाईंचा. म्हणाल्या, "विहीनबाय, पोरांना फेऱ्याला कंच्या होलीवर धाडू? तुमचा गाव तं विमानाखाली गेला. आमच्याच होलीला दोनदा फिरवू का?" आई हसली. हो हो, तसा पन चालंल, म्हणाली. फोन ठेवला आणि आत गेली. आत म्हणजे कुठे, त्या घराला आत असं काही नाहीच, ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.  नळ चालू ठेवला होता, रिकाम्या बादलीत. मॅडम माझ्याकडे बघून खुणेनं विचारत होत्या, रेकॉर्ड करू का? मी नको म्हणालो. त्यांनी माईक पिशवीत ठेवला. (सांगितलं ना, माणूस चांगला आहे.) मग आई न वळताच म्हणाली, "शिवा, सावर आन."

होळीला सावरीचं खोड लागतं, ते आणायला आपट्याला गेलो, पाताळगंगेच्या काठी एकाच्या बांधावर वठलेली सावर होती, माणूस ओळखीचा. (मधे मी आपट्यात वांगी विकायचा धंदा करायचा विचार केला होता, त्या वेळची ओळख. वांगी मिळाली होती, धंदा मिळाला नाही.) खोड लांब, टेम्पो आखूड. मागे निम्मं बाहेर. त्याच्या टोकाला मॅडमनी आपली लाल ओढणी बांधली आणि स्वतः खोडावर हात ठेवून बसल्या, आजारी माणसाला नेताना बसतात तशा. हायवेला बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग, त्यात आम्ही, आणि ट्रॅफिकच्या हवालदारांनी हात केला. मी कागद शोधतोय तोवर मॅडम खाली उतरून त्यांना विचारून मोकळ्या, की विस्थापनाविषयी आपली भावना काय? मी डोळे मिटले. उघडले तर हवालदार टोपी काढून बोलत होते. त्यांचं घराणं कोयनेच्या धरणात उठलेलं. आजोबांना इकडे आणून टाकलं, माळावर, जिथे ओळखीचं एक झाड नव्हतं. आमची पण होळी पाण्याखाली आहे, म्हणाले. उन्हाळ्यात धरण आटलं की देवळाचा चौथरा वर येतो, तेव्हा काका रजा काढून बघायला जातात. ते बोलत राहिले, मागे पार आपट्यापर्यंत हॉर्न वाजत राहिले. शेवटी त्यांनी डोळे पुसले, टोपी घातली आणि पावती फाडली. मॅडम म्हणाल्या, आजवरची सर्वांत उत्तम मुलाखत. मी विचार करत होतो की या रस्त्यावर जो थांबवतो तो आणि ज्याला थांबवतात तो, दोघंही कुठून तरी उठवलेलेच असतील तर मग या रस्त्याचा मूळ माणूस कोण? पण तेवढ्यात सिग्नल सुटला.

आता होळीची संध्याकाळ. वसाहतीत मुलांच्या मैदानासाठी राखलेला मोकळा तुकडा आहे, तिथे खड्डा घेतला, सावर उभी केली, हार घातले, पेंढा रचला. आईनं नारळ, पुरणपोळी सगळं मांडलं. मला वाटलं होतं आमच्या जिन्यातली माणसं येतील. मामा, तिन्ही सेक्टरांतून आली. ज्यांना मी मयतालासुद्धा बघितलं नव्हतं ती आली. म्हातारी माणसं रिक्षा करून आली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, सावर उभी राहिलेली गच्च्यांवरून दिसली असेल. एकमेकांना नावानं नाही, आळीनं हाक मारत होती. खालची आळी इकडे, वेशीवरचे तिकडे. मैदानात माणसं आपोआप जुन्या घरांच्या क्रमानं उभी राहिली. मॅडमनी मला विचारलं, हे कोणी ठरवलं? मी म्हणालो, कोणीच नाही, आमच्या शेजारी कोण उभं राहायचं ते आम्हाला ठाऊक असतं. तुमच्या घराची जागा तेवढी मोकळी होती. मोऱ्याहून अंकिता, जावई आणि चंद्रावतीबाई आल्या. बाई सावरीकडे बघून म्हणाल्या, "आमची दोन हात उंच असती." 

मग तुम्हाला फोन लावला. आईचं म्हणणं, दादूसला विचारल्याबिगर नाय. तुम्ही उचललात, हेल्मेटवरच होतात, मागे क्रेन. वारा असा सुटला होता की फोन ताटात उभा राहीना, म्हणून मी दोन्ही हातांनी ताट छातीशी धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी फोन दाबून उभा राहिलो. तुम्ही सगळ्यांना रामराम केलात. सगळे ओरडले, दिनानाथ, दिनानाथ! तुमचे डोळे भरले होते, मी वरून वाकून बघितले. मग तुमची नजर माणसांच्या डोक्यांवरून मागे गेली. "शिवा, मागं ती बिल्डिंग कसली रं?" मी ताट जरा खाली कलतं केलं. "ताट फिरव. तुमी हाव कुठं?" मी ताट आणखी घट्ट धरलं. तुम्ही हात वर केलात, तोंड उघडलंत आणि नेट गेलं.

तुम्ही तिथेच थिजलात. हेल्मेट डोक्यावर, उजवा हात वर, तळवा पुढे, मागे कसला तरी पिवळा दिवा तो नेमका डोक्यामागे गोल झालेला. कोणी तरी ओरडलं, दिनानाथनं हात वर केला! दिला आशीर्वाद! आणि सगळ्या माणसांनी हात जोडले. बायकांनी पदर पुढे घेतले. मी काय करणार? ताट घेऊन फिरायचीच रीत आहे, मी होळीभोवती फिरलो. ज्याच्या समोरून जाईन तो नमस्कार करी. मॅडम माझ्यापुढे उलट्या चालत तुमच्या चेहऱ्याचं शूटिंग करत होत्या. फेरा पुरा होतोय तोवर मागून उजेड आला. चूड लागली. म्हणजे मी लावली.

सावर तीन होळ्यांची उपाशी असल्यासारखी पेटली. आणि मग जी बोंब उठली, मामा! इतकी वर्षं गिळलेली सगळी एकदम बाहेर आली. पलीकडच्या टॉवरमधली नोकरदार माणसं गॅलरीत आली, त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी धुराची तक्रार करायला खाली उतरले, ते अर्ध्या वाटेवरून परत गेले आणि बायकोला घेऊन आले. अंकिता आणि जावई फेरे घालत होते. तेवढ्यात वरून विमान गेलं, अगदी डोक्यावरून, आणि सगळ्यांची बोंब त्या आवाजात बुडाली. तोंडं उघडी, हात तोंडावर, पण ऐकू काहीच नाही. विमान गेलं आणि बोंब तिथूनच पुढे सुरू झाली. चंद्रावतीबाईसुद्धा ओरडत होत्या. आणि मग नेट आलं. तुम्ही हललात. समुद्रापलीकडून निघालेला तुमचा शब्द आग शेंड्याला पोचल्यावर माझ्या हातात आला. "थांब," म्हणालात तुम्ही.

पुढचं, तुमच्या मेसेजापर्यंतचं, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी माणसांनी राख कागदात घेतली आणि आपापल्या सेक्टरला गेली. त्यानंतर कोणी कोणाला भेटलेलं नाही. गाव संध्याकाळी आला, जेवणवेळेला गेला. मॅडम त्यांच्या खोलीत व्हिडिओ बघत बसतात. त्यांच्या गाइडनं कळवलंय की होळी दुसरीकडे पेटली म्हणजे चळवळ अभ्यास चालू असतानाच संपली, तर प्रबंधात काय लिहिणार? त्या दुसरी चळवळ शोधायला निघणार आहेत. काल मला म्हणाल्या, शिवा, सगळ्यांना विचारलं, तुलाच विचारायचं राहिलं, तुझं गाव कुठलं?  मी उलट त्यांना विचारलं, तुमचं?  मग आम्ही दोघं कठड्याला टेकून विमानं मोजत बसलो, ती तरी कुठून कुठे चाललीत हे ठाऊक असतं.

मामा, रागावू नका, एक बोलतो. तुम्ही गाव सोडलात तेव्हा गाव होतं. म्हणून तुमच्याकडे ते अजून आहे, विहिरीसकट, माळासकट. आम्ही तिथेच होतो आणि आमच्याच डोळ्यांसमोरून गेलं, त्यामुळे आमच्याकडे काही नाही. मला पिवळी गाडी आहे फक्त. तुम्ही रागावून आमच्यातून उठलात तर तेवढंही उरत नाही, कारण गाव कसं होतं ते कोणाला विचारायचं? हे लिहिताना पेन दोनदा थांबलं. (तिसऱ्यांदा शाई संपली.)

असो. साखर सांभाळा. उन्हात हेल्मेट काढू नका. राग माझ्यावर ठेवा, दारावर नको.

तुमचा बेघर भाचा,
शिवा

ता.क. तुम्ही ग्रुप सोडलात तेव्हा ॲडमिन तुम्ही एकटेच होतात. ॲपनं आपल्या मनानं दुसरा ॲडमिन नेमला, तो नेमका जागेचा एजंट निघाला, ज्याला तुम्हीच चुकून गावातला समजून ग्रुपात घेतलं होतं. त्यानं ग्रुपचं नाव बदलून 'तळखार प्रॉपर्टीज' केलंय. पहाटे गुलाबाच्या जागी भाड्याच्या खोलीचा फोटो येतो. आई तो बघते आणि काही सांगत नाही. निदान एवढ्यासाठी तरी परत या.

ता.क. २. तुमचा तो थिजलेला फोटो कोणी तरी छापून आणलाय. हेल्मेट, वर केलेला हात, मागे दिवा. बऱ्याच घरांत देवाशेजारी लागलाय. मोऱ्यालाही एक गेला, चंद्रावतीबाईंनी मागून नेला. काढायला सांगू नका, लोक ऐकणार नाहीत.

ता.क. ३. दादूस, मी रंभा. पत्र पिशवीन घालाला घेतला तं वाचला. पोरगा कंच्या गॅरेजला नाय न फिरेजला नाय. हितंच माज्यासमोर बसून बोंबील खातोय. आनि चूड त्यानं नाय लावली. दोनी हातानी ताट धरला व्हता असा तोच लिवतो, मंग चूड काय दातान धरली व्हती?

चूड मी लावली. नेट गेला तवा तुजा हात वर व्हता, तो आशीर्वाद नव्हता, ता मला ठावं व्हता. ल्हानपनापासून मला थांबवताना तू असाच हात वर करतस. मी बघितला आनि लावली. मान आपल्या घराचा हाय. मी पन त्याच घरान जल्मले.

तुजी शपत तू मोडू नको, मोडलीस तं मलाच घोर लागंल. मे महिन्यान ये. माज्या दारान पाय ठेवू नको. मी जेवान घेऊन खाली रस्त्यावर येन, तितंच बसू दोगा. रस्ता माजा नाय, तुजा पन नाय. पानी तेवढा तुजा तू आन.